मोबाइलमध्ये न मागता शिरणारे फोटो



मागच्या वेळी आपण सोयाबीनचे बियाणे कसे साठवावे, याविषयी बोललो होतो. पोती ओल्या जमिनीवर ठेवू नयेत, थप्पी फार उंच लावू नये, पोती आदळू नयेत, वगैरे. या वेळचा विषयही साठवणुकीचाच आहे, पण ही साठवण कोठीतली नव्हे, तुमच्या खिशातल्या मोबाइलमधली. शेतीखात्याच्या माणसाने मोबाइलवर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याचे चुकत नाही. मी बी.एस्सी. ॲग्री झालो तेव्हा आमच्या अभ्यासक्रमात माती होती, खते होती, कीटकशास्त्र होते. मोबाइलचा तेव्हा पत्ताही नव्हता. परंतु आता शिवारात फिरताना असे दिसते की निम्मी कामे फोनपाशी अडलेली असतात, आणि त्यातली बरीचशी एकाच कारणाने अडलेली असतात. ते कारण सांगण्याआधी एक घडलेली गोष्ट सांगतो. तिच्यात चूक माझी आहे, म्हणून नाव-गाव सांगत नाही.

2023 च्या सप्टेंबर महिन्यात घाटावरच्या एका गावी सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला म्हणून पाहायला गेलो होतो. पोळा दोन दिवसांवर आलेला. शेताचे मालक माझ्याच वयाचे, चार एकराचे धनी. रोगट झाडे पाहून झाली, पांढरी माशी दाखवून झाली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘सायेब, आलेच हात तं माझी ई-पीक पाहणी तेवढी करून द्या. पोरगा पुण्याले हाये. मले काही जमून नाई राह्यलं.’’

म्हटले, चला. ई-पीक पाहणी म्हणजे काय ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ती सुरू झाली. आपल्या शेतात उभे राहून, आपल्या फोनने पिकाचा फोटो काढून, आपणच पेरा नोंदवायचा. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. हमीभावाने सोयाबीन विकायची नोंदणी करायला जा, नुकसानीच्या मदतीचा अर्ज करा, पीकविम्याचा प्रश्न निघो, सातबाऱ्यावर पीक लागलेले आहे की नाही हे पाहिले जाते. शेतात पीक उभे आणि कागदावर शेत पडीक, अशी गत झाली तर भांडायला जागा राहात नाही.

आम्ही बांधावर उभे राहिलो. गट नंबर घातला, पीक निवडले, फोटो काढायला गेलो तर फोन म्हणतो, जागा शिल्लक नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. उत्तरेकडे आभाळ भरून आलेले. फोनची गॅलरी उघडली तर आत गुलाबाची फुले, उगवता सूर्य, चहाचा कप, देवादिकांचे फोटो, सुविचार, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. हजारोंनी. बोटाने वर सारत गेलो तरी तळ लागेना. गृहस्थ म्हणाले, ‘‘हे म्या कवा घेतले? मी तं एकबी नाई घेतला.’’

मी घाईत म्हणालो, ‘‘सगळे निवडा आणि पुसून टाका.’’ त्यांनी पुसले. तरी जागा होईना, कारण पुसलेले फोटो फोन काही दिवस कचरापेटीत राखून ठेवतो. ते मला माहीत होते. मीच ती कचरापेटीही रिकामी करायला लावली. मग जागा झाली, फोटो निघाला, नोंद झाली, आणि पाऊस यायच्या आत आम्ही झाडाखाली पोचलो.

झाडाखाली बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले. 2021 च्या पोळ्याला त्यांच्या वडिलांचा फोटो त्यांनी काढला होता. बैलजोडी सजवलेली, झुली घातलेल्या, म्हातारबाबा दोघांच्या मधे कासरा धरून उभे. तो त्यांचा शेवटचा पोळा. त्याच हिवाळ्यात ते गेले. तो फोटो त्या गुलाबाच्या फुलांबरोबर गेला. गृहस्थ मला काही बोलले नाहीत. ‘‘जाऊ द्या सायेब, नोंद तं झाली ना,’’ एवढेच म्हणाले. ते मला फार लागले.

संध्याकाळी त्यांच्या बहिणीला घाटाखाली फोन लावला. तिच्याकडे तो फोटो कधीतरी पाठवलेला होता, पण तिचाही फोन मध्यंतरी भरला म्हणून जावयाने साफ करून दिला होता. मात्र तिने तो आपल्या व्हॉट्सॲपच्या नावापुढे लावून ठेवला होता, तो तसाच होता. लावताना गोल कापला गेलेला. वडिलांचा चेहरा आहे, खांद्याजवळ एका बैलाचे रंगवलेले शिंग आहे. दुसरा बैल नाही, हातातला कासरा नाही. तेवढ्यावर समाधान मानावे लागले.

आता कारण. ते फोटो त्या गृहस्थांनी खरोखरच घेतले नव्हते. व्हॉट्सॲप फोनमध्ये घेतले की त्यात एक सोय मुळातच चालू असते: कोणी फोटो पाठवला की आपण न विचारता, न पाहता, तो आपोआप फोनमध्ये उतरतो आणि गॅलरीत जाऊन बसतो. सोय वाईट नाही. ज्याला दिवसाला चार फोटो येतात त्याला ती बरीच आहे. पण आपल्याकडे एकेका माणसाचे किती ग्रुप असतात ते पाहा. गावाचा एक, भावकीचा एक, बचतगटाचा एक, शाळेच्या पालकांचा एक, खताच्या दुकानदाराने काढलेला एक. पाटाचे दार रात्रंदिवस उघडे आणि वाफा मात्र एकच.

हिशोब करून बघू. केबी, एमबी, जीबी हे शब्द ऐकून घाबरू नका. केबी म्हणजे शेर समजा, एमबी म्हणजे मण आणि जीबी म्हणजे खंडी. प्रमाण तंतोतंत जुळत नाही, पण चढती भाजणी कळते. हजारेक केबीचा एक एमबी, हजारेक एमबीचा एक जीबी. व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटो 150 केबीचा धरू. पाच ग्रुपांत मिळून रोज 40 फोटो आले तर दिवसाचे झाले 6 एमबी, महिन्याचे 180, आणि वर्षाचे 2 जीबीच्या वर. हे फक्त फुलांचे. व्हिडिओची गोष्ट न्यारी. लग्नाच्या वरातीचा किंवा कीर्तनाचा एक तुकडा सहज 10 एमबीचा असतो. असे रोज 20 उतरले तर आठवड्यालाच दीड जीबीच्या जवळ जाते. आपल्याकडच्या जुन्या फोनांची एकूण कोठी 32 जीबीची, आणि तिच्यातली बरीच जागा फोनच्या स्वतःच्या सामानानेच व्यापलेली. मग दोन-तीन वर्षांत फोन गच्च न होईल तर काय होईल?

आणि हे दुखणे एकट्या आपल्या गावचे नाही, सबंध देशाचे आहे. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाने यावर मोठी बातमी दिली होती. भारतातले फोन अडून का बसतात हे गूगल कंपनीची माणसे शोधीत होती, तेव्हा त्यांना सापडले की सकाळी सकाळी पाठवले जाणारे ‘गुड मॉर्निंग’चे फोटो हे त्याचे एक मोठे कारण आहे. त्याच बातमीत साठवणुकीची उपकरणे करणाऱ्या एका कंपनीचा आकडा होता: भारतात स्मार्टफोन वापरणाऱ्या तिघांतल्या एकाच्या फोनची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची. आपण रामराम घालणारी माणसे. रामराम काही सुटत नाही.

असो. उपाय सांगतो. फोन हातात घ्या आणि वाचत वाचत करा. अक्षरे बारीक वाटली तर घरातल्या शाळकरी मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवा.

व्हॉट्सॲप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक असे तीन ठिपके दिसतील, ते दाबा. जी यादी उघडेल तिच्यात शेवटाकडे ‘सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘स्टोरेज अँड डेटा’ अशी ओळ शोधा. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर शब्द वेगळे दिसतील, क्रम हाच. आत गेल्यावर खालच्या बाजूला ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ असे लिहिलेले असेल आणि त्याखाली तीन ओळी: मोबाइल डेटावर असताना, वायफायवर असताना, रोमिंगमध्ये असताना. पहिली ओळ दाबली की चार चौकोन समोर येतात: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. ज्या चौकोनात बरोबरची खूण असेल ती बोटाने काढा आणि ‘ओके’ दाबा. मग दुसऱ्या ओळीत तेच करा, तिसरीतही तेच. झाले. दोन मिनिटांचे काम आहे, आणि काही बिघडले असे वाटले तर त्याच वाटेने जाऊन खूण परत घालता येते.

यातल्या दुसऱ्या ओळीकडे, म्हणजे वायफायच्या, विशेष लक्ष द्या. पुष्कळजण म्हणतात, ‘‘आमच्याकडे कुठले आले वायफाय? ती ओळ राहू द्या.’’ इथेच फसगत होते. मुलगा सुटीत घरी येतो, बापाचा रिचार्ज संपलेला असतो, मुलगा आपल्या फोनवरून हॉटस्पॉट देतो. बापाच्या फोनला ते वायफायच वाटते. आणि वायफायवर तर ती सोय मुळात सगळ्याच गोष्टींसाठी चालू असते, फोटोच नव्हे, व्हिडिओसुद्धा. दिवाळीचे चार दिवस मुलगा घरी राहिला की बापाचा फोन भरला, आणि मुलाचा डेटा दुपारीच संपला. दोष कोणाला द्यावा हे दोघांनाही कळत नाही. मी हे एका घरात डोळ्यांनी पाहिले आहे. ते माझेच घर होते.

ही खूण काढल्यावर काय होते? निरोप यायचे थांबत नाहीत. फोटो येतो, पण धूसर दिसतो आणि त्यावर खाली जाणारा बाण व किती केबीचा आहे तो आकडा असतो. पाहायचा असेल तर बाण दाबा, उतरेल. नको असेल तर राहू द्या. आवाजात बोलून पाठवलेले निरोप मात्र पूर्वीसारखेच आपोआप उतरतात, तेव्हा मुंबईच्या नातवाचा आवाज बंद होईल ही भीती नको. एक मात्र सांभाळा: कामाचा फोटो असेल तर लगेच उतरवून घ्या. फार दिवसांनी बाण दाबला तर तो मिळत नाही, आणि पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवा म्हणायची वेळ येते.

आणखी एक कळ आहे, तिच्याबद्दल गैरसमज फार. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ म्हणून ओळ आहे, तिच्या आत ‘मीडिया व्हिजिबिलिटी’. ती बंद केली की व्हॉट्सॲपवर यापुढे उतरणारे फोटो गॅलरीत दिसत नाहीत. लोकांना वाटते, दिसत नाहीत म्हणजे जागाही गेली नाही. तसे नाही. कोठीचे दार लोटून घेतले म्हणून आतली पोती कमी होत नाहीत. तरीही ही कळ बंद करावी असे मी म्हणतो. का, तर तुम्ही स्वतः काढलेले फोटो एका बाजूला राहतात आणि व्हॉट्सॲपचा पसारा त्यांच्यात मिसळत नाही. त्या दिवशी बांधावर हे दोन ढीग वेगळे असते तर म्हातारबाबांचा पोळा वाचला असता. पिकांच्या रोगांची माहिती देणारा एखादा ग्रुप तुम्हांला गॅलरीत हवा असेल, तर त्या ग्रुपच्या नावावर दाबून आत तेवढ्यापुरती ही कळ चालू ठेवता येते.

हे सारे पुढच्या आवकेपुरते झाले. आधी साचलेले आहे ते आपोआप जाणार नाही, ते काढावे लागेल. आणि इथे मात्र माझ्यासारखी घाई करू नका. मघाच्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये वर ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. तिथे व्हॉट्सॲप स्वतःच दोन ढीग लावून दाखवते, एक 5 एमबीपेक्षा मोठ्या वस्तूंचा आणि एक पुष्कळदा पुढे ढकललेल्या निरोपांचा. ढीग दिसत नसेल तर समजा तेवढे साचलेले नाही. या दोहोंत बहुधा गाळच असतो, तरी एक नजर टाकून मगच पुसा. लग्नाचा मोठा व्हिडिओही पहिल्या ढिगात असू शकतो. त्याखाली कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली, त्याची उतरती यादी असते. पहिले दोन ग्रुप पाहिले तरी पुष्कळ काम होते. आपल्याला नवल वाटते असे नाव त्या यादीत बहुतेक वेळा वर असते.

गॅलरीतून पुसायला बसाल तेव्हा कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हॉट्सॲपचे फोटो निरनिराळ्या कप्प्यांत असतात, हे ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याच्या कप्प्याला हात लावण्याआधी घरच्या बाईमाणसाला विचारा. कोणता फोटो कोणाचा शेवटचा आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ‘सगळे निवडा’ ही कळ मी आता कोणालाच सुचवत नाही.

राखून काय ठेवावे, तेही शेतीच्या अंगाने सांगतो. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल, त्यावरचा लॉट नंबर, आणि दुकानाची पावती, यांचे फोटो पेरणीच्या दिवशीच काढून ठेवा. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यातून तक्रारींचा पाऊस पडला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. त्या वेळी ज्यांच्यापाशी लेबल आणि पावती होती त्यांचे म्हणणे मांडायला सोपे गेले. फोटो काढला तरी मूळ पावती आणि रिकामी पिशवी टाकून देऊ नका. फोटो हा साक्षीदार आहे, कागदाची जागा तो घेत नाही. एका ताईंकडे असा लेबलचा फोटो होता, पण फुला-देवांच्या गर्दीत तो शोधायला आम्हांला पाऊण तास लागला. सापडला, हे नशीब.

जाता जाता माझे एक गाऱ्हाणे. किडीचा फोटो मला पाठवता तेव्हा तो जवळून, पानाची खालची बाजू दिसेल असा, उन्हाकडे पाठ करून काढा, आणि शेजारी एखादे नाणे ठेवा म्हणजे किडीचा आकार कळतो. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवते, तेव्हा पाठवण्याआधी वर दिसणारी ‘एचडी’ची खूण दाबा. धुके पाहून औषध सांगणे मला जमत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता नाजूक गोष्ट. हे वाचून घरातली तरुण मंडळी आजीला, आत्याला म्हणतील, ‘‘बघ, पेपरात आले आहे, बंद कर तुझे गुड मॉर्निंग.’’ तसे करू नका. माझी एक आत्या आहे, ऐंशीच्या घरातली, खामगाव तालुक्यात एकटी राहते. रोज सकाळी सहाला तिचा गुलाब येतो. दुपारपर्यंत आला नाही तर मी फोन लावतो. दोनदा असे झाले, एकदा रिचार्ज संपला होता, एकदा ताप होता. तिला लिहिता येत नाही, पण गुलाब पाठवता येतो, आणि ‘मी बरी आहे’ हे तिने तेवढ्यात सांगितलेले असते. फोटो आपोआप उतरणे बंद केले तरी तिचा धूसर गुलाब सहाला दिसतोच. तिला काही कळत नाही, वाईट वाटायचा प्रश्न येत नाही, आणि माझ्या फोनमध्ये रब्बीच्या पीक पाहणीला जागा राहते. मी कधीमधी बाण दाबून तो गुलाब उतरवूनही घेतो.

ज्या फोटोवाचून करमणार नाही असे चार-पाच तरी फोटो तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर स्टुडिओतून कागदावर काढून घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. ज्यांना जमते त्यांनी गूगल फोटोजवरही चढवून ठेवावेत. एका खात्याला 15 जीबीपर्यंत जागा फुकट मिळते. मला स्वतःला कागदाचा भरवसा जास्त वाटतो, हा वयाचा गुण असेल.

त्या गृहस्थांच्या घरी मी यंदा पुन्हा गेलो होतो. गोल कापलेला तो फोटो त्यांनी मोठा करून चौकटीत लावला आहे. मोठा केल्यामुळे चेहरा जरा फुटला आहे, पण शिंगाचा लाल रंग ओळखू येतो. त्यांच्या फोनमधल्या तिन्ही ओळींतल्या खुणा मी काढून दिल्या. त्यांनी त्या त्यांच्या शेजाऱ्याच्या फोनमधून काढून दिल्या.

पुढील अंकी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी. मर रोगाबद्दल ज्यांनी पत्रे लिहिली आहेत, त्यांना त्यातच उत्तर मिळेल.